‘रूडी’ : २७ सेकंदांच्या आधीची दोन वर्षं

रानवारा

‘रूडी’ हा १९९३चा सिनेमा अजून पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण खाली सगळी गोष्ट सांगून टाकली आहे.

मूळ गोष्ट खरी आहे. इलिनॉय राज्यातल्या जॉलिएट गावचा डॅनियल रुटिगर, म्हणजेच रूडी, चौदा भावंडांतला तिसरा. उंची पाच फूट सहा इंच, वजन पाऊणशे किलोच्या आसपास, शाळेत मार्क यथातथा. आणि वेड कशाचं, तर नोटर डेम विद्यापीठाकडून फुटबॉल खेळायचं. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा. तिथे आडदांड, शंभर-सव्वाशे किलोंचे गडी खेळतात. याला तर त्या विद्यापीठात साधा प्रवेश मिळायची मारामार. शेजारच्या होली क्रॉस कॉलेजात शिकत तो अर्ज करत राहिला. तीनदा नकार आला, चौथ्यांदा, १९७४ साली, आत गेला. मग दोन मोसम राबला. ८ नोव्हेंबर १९७५ला जॉर्जिया टेकविरुद्धचा सामना हा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा. २७ सेकंद उरले असताना त्याला उतरवलं. अगदी शेवटच्या खेळीत त्याने समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, फेकायच्या आत आडवा केला आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. नोटर डेमने तो सामना २४-३ असा जिंकला.

या सिनेमाबद्दल बोलताना लोक त्या २७ सेकंदांवरच येऊन थांबतात. मला बोलायचंय ते आधीच्या दोन वर्षांबद्दल.

रूडी ‘वॉक-ऑन’ होता. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, बोलावणं नाही, निवड चाचणीला स्वतःहून जाऊन उभा राहिलेला. अशा पोरांना स्काउट टीममध्ये टाकतात. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या चाली शिकायच्या आणि आठवडाभर आपल्याच मुख्य संघासमोर तो प्रतिस्पर्धी बनून उभं राहायचं. रोज आपटायचं, रोज उठायचं. आणि शनिवारी बाकावरही जागा नाही, कारण गणवेश मोजक्याच खेळाडूंना मिळतो.

सिनेमात सरावाचा एक प्रसंग आहे. मोसमातला शेवटचा सराव, सगळ्यांना कधी एकदा संपतो असं झालंय, आणि रूडी नेहमीच्याच जिवाच्या कराराने अंगावर जातोय. समोरचा धिप्पाड खेळाडू वैतागतो, की शेवटच्या सरावाला हा असा काय खेळतोय, जणू अंतिम सामना आहे! प्रशिक्षक तिथल्या तिथे त्या खेळाडूला झापतात. म्हणतात, तुझी इथली सगळी कारकीर्द तू या एका वाक्यात सांगून टाकलीस. दुसऱ्या एका ठिकाणी एकजण रूडीला सांगतो, जरा दमाने घे. त्यावर त्याचं उत्तर असं, की मी दमाने घेतलं तर तुमची तयारी कशी होणार?

मी शाळेतल्या पोरांना खो-खो शिकवतो. नऊ मैदानात, बाकीचे बाहेर. बाहेरची पोरं सरावात जीव तोडून पळाली नाहीत तर आतल्यांच्या पाठलागाला धारच येत नाही. कप उचलतानाच्या फोटोत ती पोरं कडेला असतात, कधी नसतातही. त्यामुळे रूडीचं ते उत्तर माझ्या फार जवळचं आहे. माझ्या मते या सिनेमाचा कळसाध्याय तोच, पुढचा जल्लोष ही त्याची पावती.

तुमचं मत लिहा.

मीनल_नेपरविल

छान धागा. मी शिकागोच्या पश्चिमेला राहते, जॉलिएट आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून साउथ बेंड, म्हणजे नोटर डेमचं गाव, गाडीने दोन-अडीच तास. नकाशात बघाल तर अंतर काहीच नाही. पण सिनेमात रूडी बसस्टँडवर उभा असतो तेव्हा ते अंतर किती मोठं वाटतं! कारखान्यात कामाला लागायचं, तिथेच निवृत्त व्हायचं, आणि रविवारी सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवायचं, ही त्या गावाची रीत. तिथून उठून ‘त्या’ विद्यापीठात जायचं म्हणजे आपली पायरी सोडणं.

नोटर डेम काय चीज आहे हेही सांगायला हवं. कॅथलिक विद्यापीठ. आयरिश, पोलिश, इटालियन, जर्मन, जे जे कॅथलिक कष्टकरी अमेरिकेत आले त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात हा संघ म्हणजे जवळपास धर्माचाच भाग. आपलं पोर तिथे शिकेल असं मनातही आणायचं नाही, पण शनिवारी संघ मात्र आपला. १९७३ साली प्रशिक्षक अॅरा पार्सेगियन यांच्या हाताखाली ते राष्ट्रीय विजेते होते, म्हणजे रूडी आत गेला तेव्हा संघ शिखरावर होता. त्याला कुणी गरजेपोटी घेतलं नाही.

चित्रीकरणाबद्दल थोडं. विद्यापीठाने १९४०मधल्या, संघाचे जुने प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यावरच्या सिनेमानंतर आवारात कुणाला चित्रीकरण करू दिलं नव्हतं, ‘रूडी’ला दिलं. शेवटच्या सामन्याचा बराच भाग ७ नोव्हेंबर १९९२ला बोस्टन कॉलेजविरुद्धच्या खऱ्या सामन्याच्या मध्यंतरात उरकला आहे. वेळ थोडकाच, दुसरी संधी नाही. त्या भागात स्टँडमध्ये दिसणारी गर्दी भाड्याने आणलेली नाही, ते त्या सामन्याचे प्रेक्षक आहेत. खरा रुटिगरही त्यात एका दृश्यात आहे, सिनेमातल्या बापाच्या मागे उभा.

काळवीट

सिनेमा मलाही आवडतो, पण एक गोष्ट मला आजही सलते, ती लिहितो.

सगळ्यात गाजलेला प्रसंग कोणता? प्रशिक्षक डॅन डिव्हाइन रूडीला गणवेश द्यायला तयार नसतात, आणि मग एकेक खेळाडू त्यांच्या खोलीत जाऊन आपली जर्सी टेबलावर ठेवतो, माझ्या जागी रूडीला घ्या म्हणतो. पाहताना घसा दाटून येतो. पण असं काही घडलेलंच नाही. जो मोंटाना त्या वेळी संघात होता, पुढे तो या खेळातल्या सर्वकालीन थोरांत गणला गेला. त्याने उघड सांगितलंय, की जर्सीचा प्रसंग घडला नाही आणि स्टेडियमभर ‘रूडी, रूडी’ असा गजरही झाला नाही. रूडी उतरला, क्वार्टरबॅकला पाडलं, पोरांनी त्याला उचललं, एवढं खरं. आणि उचलण्यातही थोडी मस्करी होती असं त्याचं म्हणणं.

मला त्रास होतो तो डिव्हाइन यांच्याबद्दल. रूडीला त्या सामन्यात गणवेश द्यायचा निर्णय त्यांचाच होता. कुणी टेबलावर जर्सी टाकायची वेळच आली नाही. याच माणसाने १९७७ला नोटर डेमला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. आणि जगभरच्या लोकांना ते कोण म्हणून माहीत आहेत, तर गरीब पोराची वाट अडवणारा माणूस. सिनेमाला मदत व्हावी म्हणून थोडी कठोर बाजू आपल्याकडे घ्यायला ते राजी होते असं म्हणतात, पण इतकं काळं रंगवतील असं त्यांना वाटलं नव्हतं. २००२ला ते गेले. खऱ्या माणसाचं खरं नाव घेऊन असं करू नये, एवढंच माझं म्हणणं. नाव बदलायला काय हरकत होती?

रानवारा

काळवीट, नाव बदलायला हवं होतं, पूर्ण सहमत.

पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो असं मला वाटतं. लेखकाला शेवटी एक अडवणारा लागला, कारण एका दिवसाच्या नाट्याला कुणीतरी विरोधात उभं असावं लागतं. खऱ्या गोष्टीत तसा कुणी नव्हता. खऱ्या गोष्टीत एक प्रशिक्षक होता, ज्याने सरावात मार खाणारं पोर पाहिलं आणि आपणहून म्हणाला, याला एक दिवस देऊ या. मला तर हे अधिक मोठं वाटतं. मुख्य प्रशिक्षकाच्या डोक्याला शंभर व्याप असतात, आणि त्यातही स्काउट टीममधल्या शेवटच्या पोराकडे त्याचं लक्ष आहे!

तालीमवाला

कोल्हापूरचा आहे, आमचा फुटबॉल वेगळा, पायाने खेळायचा, पण इथं बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्यात पेठेच्या, तालमीच्या नावानं संघ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की सगळी पेठ लोटते. आता बघा, अशा संघात दर वर्षी दोन-तीन पोरं असतात, ज्यांना माहीत असतंय की आपल्याला काय मैदान मिळणार नाही. तरी पहाटे येतात. जाळी बांधतात, चेंडू गोळा करतात, सरावात बॅकला उभी राहून स्ट्रायकरच्या लाथा खातात. कशासाठी? त्या रंगाची जर्सी अंगावर चढावी म्हणून. पैसा नाही, नोकरी नाही, काही नाही.

काळवीट म्हणतात तो गजर झाला नसंल. नसू दे. पण पोरांनी मस्करीत का होईना, उचललं कुणाला? ज्याचा राग येत नाही, ज्याच्याबद्दल आपुलकी आहे त्यालाच उचलतात. संघात एखादा नकोसा असला तर मस्करीतबी त्याला कुणी खांद्यावर घेत नाही. हे मी डोळ्यानं बघितलंय.

अनघा_प

सगळे मैदानाबद्दल लिहिताहेत, मी घराबद्दल लिहिते.

नेड बीटीने रंगवलेला बाप या सिनेमातली सगळ्यात खरी व्यक्तिरेखा आहे. तो दुष्ट नाही. बसस्टँडवर तो मुलाला अडवायला येतो आणि आपल्या बापाची हकीकत सांगतो. त्याने नोकरी सोडून दुधाचा धंदा करायचं स्वप्न पाहिलं, जनावरं मेली, सगळं बुडालं, घरादाराची वाताहत झाली. नोटर डेम श्रीमंतांच्या पोरांसाठी आहे, हुशार पोरांसाठी आहे, आपल्यासारख्यांसाठी नाही, असं तो म्हणतो. हे तो मुलाला कमी लेखायला म्हणत नाही. पुन्हा कुणी पोळू नये म्हणून म्हणतो. आपल्याकडे किती बापांनी हेच वाक्य आपापल्या भाषेत म्हटलं असेल!

मग प्रवेशाचं पत्र घेऊन रूडी थेट कारखान्यात जातो आणि तोच बाप लाउडस्पीकरवरून सगळ्या कामगारांना सांगतो, की माझा मुलगा नोटर डेमला चाललाय. मला शेवटच्या सामन्यापेक्षा इथे जास्त भरून येतं.

दुसरं, वयाचं. सिनेमात तो शाळेनंतर चार वर्षं कारखान्यात घालवतो. खऱ्या आयुष्यात तो दोन वर्षं नौदलात होता, दोन वर्षं वीजनिर्मिती केंद्रात. १९४८चा जन्म, म्हणजे मैदानात उतरला तेव्हा २७ वर्षांचा होता. सोबतची पोरं विशीची. त्यात त्याला डिस्लेक्सिया होता, आणि ते कळलंही मोठेपणी. सिनेमात डी-बॉब नावाचा मित्र शिकवणी घेता घेता ते ओळखतो (जॉन फेव्ह्रो, किती गोड काम केलंय). शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांनी त्याला ‘ढ’ ठरवून टाकलं. मी विशेष मुलांच्या शाळेत काम करते. अक्षरं उलटसुलट दिसणारं मूल वर्षानुवर्षं ‘आळशी’ म्हणून बोलणी खातं हे रोज बघते. असा मुलगा तीन नकारांनंतर चौथा अर्ज करतो, तर तो फुटबॉलचा पराक्रम आहे की अभ्यासाचा? मला विचाराल तर त्याची खरी लढाई होली क्रॉसच्या वर्गात झाली.

सिनेमा संपल्यावर पडद्यावर ओळी येतात, त्यात एक अशी आहे, की रूडीच्या पाच धाकट्या भावांनी पुढे कॉलेज केलं आणि सगळ्यांनी पदवी घेतली. ती वाचायच्या आत लोक उठून जातात.

काळवीट

अनघा, ती ओळ खरंच माझ्या लक्षात नव्हती. धन्यवाद.

तरीही दुसरी बाजू मांडायलाच हवी, नाहीतर धागा आरतीचा होईल. २०११च्या डिसेंबरात अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने रुटिगर आणि इतर काहीजणांवर कारवाई केली. ‘रूडी न्यूट्रिशन’ नावाची, खेळाडूंसाठीच्या पेयाची कंपनी होती. विक्रीबद्दल, चवीच्या चाचण्यांबद्दल खोटे दावे करून शेअरचा भाव फुगवला आणि ते गुंतवणूकदारांच्या गळ्यात मारले, असा आरोप होता. आरोप मान्य वा अमान्य न करता त्याने ३,८२,८६६ डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्या पेयाच्या जाहिरातीत काय होतं? मोठी स्वप्नं पाहा, हार मानू नका.

ज्यांनी त्या शब्दांवर विश्वास ठेवून पैसे घातले त्यांचं काय? सिनेमाने दिलेलं नाव होतं म्हणूनच तो माल खपला.

तालीमवाला

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण माणूस २७व्या वर्षी जे वागला ते साठीत जे वागला त्यानं पुसलं जात नाही, आणि साठीतलं २७व्या वर्षाच्या पुण्याईवर माफबी होत नाही. दोन्ही त्याचंच.

मीनल_नेपरविल

हे प्रकरण इथे तेव्हा बातम्यांत बरंच गाजलं होतं. मुलांना सिनेमा दाखवला तेव्हा मी हेही सांगितलं. मोठी मुलं आहेत, त्यांना पेलतं.

मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. आज रूडीला दार उघडं असतं का? कॉलेज फुटबॉलमध्ये शिष्यवृत्त्या ८५ असायच्या, पण संघात त्याहून कितीतरी जास्त मुलं ठेवता यायची. त्या जास्तीच्या जागा वॉक-ऑनच्या. बऱ्याच संघांत सव्वाशेच्या आसपास खेळाडू असायचे. जून २०२५मध्ये न्यायालयाने एक मोठा समझोता मंजूर केला. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. हे चांगलंच झालं, पोरांच्या जिवावर इतरांनी इतकी वर्षं कमावलं. पण त्याच समझोत्यात, तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी, फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची कमाल मर्यादा आली. मंजुरीच्या आधीच काही संघांनी पोरं कमी करायला सुरुवात केली होती. न्यायाधीशांनी त्यावर बोट ठेवलं, म्हणून अशा काढलेल्या पोरांना मर्यादेबाहेर परत घ्यायची मुभा तरी मिळाली. ती सवलत त्या पोरांपुरती. यापुढे येणाऱ्यांना नाही.

१०५ म्हणजे खूप वाटतं. पण प्रत्येक जागेला आता पैशाचा हिशेब लागला, तर पाच फूट सहा इंचाच्या, २६ वर्षांच्या मुलासाठी एक जागा कोण अडकवून ठेवेल?

रानवारा

मीनल, हे वाचून मन खट्टू झालं. माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तरला तिथले नियम कळत नाहीत, पण जागा मोजायला लागलं की आधी कोण गळतो हे कळतं. तालुक्याच्या स्पर्धेला गाडीत जागा कमी पडली की मी कुणाला घरी ठेवतो ते माझं मलाच माहीत आहे.

सुमेध_आर

बरेच दिवस वाचनमात्र होतो. फॉर्च्यूनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून खाते उघडलं.

स्टेडियमची देखभाल करणारा कृष्णवर्णीय माणूस. चार्ल्स डटन यांचं काम. तो रूडीला काम देतो, आणि पोराला राहायला जागा नाही, तो इथेच झोपतो हे कळल्यावर काही न बोलता किल्ली ठेवून जातो. रूडी शेवटच्या आठवड्यात सोडून निघतो तेव्हा त्याला परत पाठवतो तो हाच. तेव्हा कळतं, की फॉर्च्यून स्वतः या संघात होता. आपल्याला रंगामुळे खेळवत नाहीत असं वाटून त्याने संघ सोडला. तेव्हापासून इतकी वर्षं या मैदानावर राबतो, पण स्टँडमधून एकही सामना पाहिलेला नाही.

मला इथे सिनेमा थोडा घाईत निघून जातो असं वाटतं. फॉर्च्यूनला पश्चात्ताप आहे असं दाखवलंय, त्याने चिकटून राहायला हवं होतं असं. पण त्याची तक्रार खरी असेल तर? ज्याला दार बंदच आहे त्याला चिकाटी शिकवणं आणि रूडीला चिकाटी शिकवणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. डटन यांनी ते वाक्य ज्या चेहऱ्याने म्हटलंय त्यात हे सगळं आहे, संहितेत मात्र नाही. हे पात्र कल्पित आहे. मग कल्पित पात्राला एवढी मोठी जखम दिलीच होती, तर तिच्यापाशी आणखी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

अनघा_प

सुमेध, अगदी. आणि तो शेवटी गर्दीत उभा राहून सामना पाहतो तेव्हा कॅमेरा त्याच्यावर किती कमी वेळ थांबतो! मी दर वेळी तिथे मागे नेऊन पुन्हा पाहते.

जेरी गोल्डस्मिथ यांच्या संगीताचाही उल्लेख राहिला. इतर कितीतरी सिनेमांच्या झलकींना हीच धून वापरली गेली, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही ती ओळखीची वाटते.

रानवारा

सुमेध, स्वागत आणि लिहीत राहा. फॉर्च्यूनबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं.

आता एक मदत हवी आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी पोरांना हा सिनेमा दाखवायचा विचार आहे. सातवी ते नववीची, इंग्रजी फारसं कळत नाही. मराठी उपशीर्षकं मला सापडली नाहीत. नियम न कळता पोरांना समजेल का?

मीनल_नेपरविल

नियम दोन मिनिटांत सांगा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलं तर चेंडू समोरच्यांना. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, त्याला फेकायच्या आत पाडलं की सॅक. एवढं पुरे.

सरावाच्या प्रसंगांना भाषा लागणारच नाही. थांबवून सांगावे लागतील असे तीन संवाद: बसस्टँडवरचा बाप, पाद्री कॅव्हनॉ यांच्याशी पहिलं बोलणं, आणि फॉर्च्यून. मी या तिन्हींचं मराठीत लिहून पाठवते, रविवारपर्यंत.

सुमेध_आर

फॉर्च्यूनचं मी लिहितो.